लिटरला अठ्ठावीस

"मोटारीच्या इतिहासात सोन्याचे दिवस दोनच. एक, चाकाचा शोध लागला तो. आन् दुसरा उद्याचा!" मल्लिकार्जुनच्या हॉटेलात बाकावर उभं राहून वैजनाथराव बिराजदारांनी जाहीर केलं. त्यांच्या विशाखानं पुण्याच्या कंपनीत नवं इंजिन तयार केलं होतं. ते बसवलेली चाचणीची गाडी उद्यापासून नांदेडहून लातूरला धावणार होती, आणि अहमदपूरच्या अलीकडं हा रस्ता नेमका या हॉटेलासमोरून जात होता.

"चालती कशावर?" मल्लिकार्जुननं भजी उलटत विचारलं.

"पेट्रोलवरच. पण लई कमी लागतंय. धूर तर न्हाईच म्हण."

"माझी मोटरसायकल बी कमी पेट्रोलवर चालती, काका. ढकलावी लागती तेवढी."

वैजनाथराव बाकावरून उतरले.

खरं सांगायचं तर त्यांना इंजिनाचं सोयरसुतक नव्हतं. पोरगी दोन वर्षांत एकदाच घरी आली होती. दिवाळीला, दीड दिवस, आणि त्यातला एक दिवस लॅपटॉपपुढं. आता आठ दिवस ती त्या गाडीत बसून रोज दोनदा जाणार, दोनदा येणार, म्हणजे दिवसातून चार वेळा बापाच्या दारावरून जाणार. पण थांबणार नाही. वाटेत उतरायचं नाही, असा चाचणीचा नियमच होता.

"मग मीच येतो की नांदेडला, संध्याकाळी," ते फोनवर म्हणाले होते.

"संध्याकाळी आकडे तपासायचे असतात, अण्णा. आन् बाहेरच्या माणसाला आत सोडत न्हाईत."

तिनं फोन ठेवल्यावरही बाहेरचा माणूस बराच वेळ तो कानाला लावून बसला होता.

पहिल्या दिवशी गाडी आली. तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला.

"ही तर देवणीची गाय!" मल्लिकार्जुन ओरडला. "दूध किती देती?"

"लिटरला अठ्ठावीस किलोमीटर," वैजनाथराव म्हणाले, तोवर गाडी गेलीसुद्धा. विशाखा लॅपटॉपवर वाकलेली होती. बापाला तिचा भांग तेवढा दिसला.

दुसऱ्या दिवशीही भांगच.

त्या संध्याकाळी वैजनाथरावांना एकाएकी शाळेच्या लेकरांची काळजी वाटू लागली. गाड्या लई जोरात जातात, हॉटेलासमोर गतिरोधक पाहिजे! शाळा तिथून दीड किलोमीटर लांब होती आणि उन्हाळी सुट्टीही लागलेली होती, पण मल्लिकार्जुनला मुद्दा पटला. गाडी हळू झाली की माणसाला चहा आठवतो. सकाळी दोघांनी विटांचे तुकडे आणि मुरूम ओतून रस्त्यावर आडवा उंचवटा चोपला. सरकारला तीन वर्षं लागली असती, ते काम न्याहारीच्या आत उरकलं.

आणि गाडी हळू झाली. विशाखा पुरती दिसली. चष्मा नवा, गाल बसलेले. लहानपणी गणित सुटलं नाही की धरायची तसा खालचा ओठ दातात धरलेला. वर तिनं पाहिलं नाही, पण सात सेकंद दिसली. चार फेऱ्यांत चार वेळा. विशाखाची आई विठाबाई एकदा पुरणपोळीचा डबा घेऊन येऊन उभ्या राहिल्या. सात सेकंदांत डबा देता येत नाही हे कळल्यावर तो मल्लिकार्जुननं खाल्ला.

चार दिवसांत हॉटेल असं चाललं, की चहासाठी थांबलेल्या ट्रकांची रांग रस्त्यावर आली. त्या संध्याकाळी विशाखाचा फोन आला.

"आकडा सत्ताविसावर आलाय, अण्णा. अठ्ठावीस न्हाई गाठले तर इंजिन कपाटात जाईल. माझी तीन वर्षं त्याच्याबरोबर."

"बिघडलं काय त्यात?"

"इंजिन मस्त हाय. तुमच्या त्या हॉटेलासमोर कोणीतरी गतिरोधक घालून ठेवलाय. थांबा, रांगेत सरका, परत वेग धरा. पेट्रोल तिथंच जाऊन राहिलंय."

"कोण असंल बा असा!" वैजनाथराव म्हणाले.

"असंल एखादा शहाणा."

वैजनाथराव भाकरी अर्धी ठेवून उठले. उजाडताच ते टिकाव घेऊन रस्त्यावर उभे.

"काका, आन् लेकरांचं काय?" मल्लिकार्जुन कळवळून म्हणाला.

"लेकरं मोठी झाली."

"चार दिवसांत?"

"लई लवकर होतात," वैजनाथराव म्हणाले आणि त्यांनी टिकाव हाणला.

त्या दिवशी गाडी चारही वेळा सरळ निघून गेली. भांग. भांग. भांग. चौथ्या वेळी तोही नीट दिसला नाही.

संध्याकाळी फोन. "अण्णा, अठ्ठावीस पूर्णांक दोन!"

"झालं का? बरं झालं, माय." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुला एक सांगायचंय. तो गतिरोधक..."

"माहीत हाय. गाडीच्या पुढच्या काचेला कॅमेरा हाय. गतिरोधक झाला त्या दिवशी घमेलं तुमच्याच हातात होतं."

"मग रागं का भरली न्हाईस?"

"आकडे तपासून झाले की मी रोज तेवढाच तुकडा लावून बघते, अण्णा. तुम्ही उभे असता तेवढा. चारी फेऱ्यांचा."

जेवतीस का, झोपतीस का, कधी येशील, आई तुझ्या खोलीत अजून कुणाला झोपू देत न्हाई, असं दोन वर्षांचं साठलेलं सगळं एकदम वैजनाथरावांच्या ओठांशी आलं आणि तिथंच अडकलं.

"अण्णा, एक काम कराल?"

"सांग की, माय! जीव माग, देतो."

"उद्या शेवटचा दिवस. कॅमेरा आमचे साहेब बी बघतात. तेवढं बनियनवर शर्ट घाला."