माझे पंचावन्न किलो

माझी सून सावाको लोणच्याच्या मडक्यावरचा दगड हलवायचा झाला तरी मला विचारते. तीच सून परवा दुपारी, मला एका शब्दाने न सांगता, हातात पाना घेऊन ट्रकमधली माझी सीट काढायला चढली. एरवी इतकी गरीब, की बोलायला जावं तर आपल्यालाच वाईट वाटावं. अशा सुनेशी भांडायचं तरी कसं?

आमचं घर कौलांवर चालतं. आवाजी बेटावर त्सुई गावात भट्टी आहे, ती माझा मुलगा शिन्पेइ बघतो. माल पोचवायचं काम सावाकोचं. तिच्या आधी हा ट्रक आमचे हे, कामेकिची, चालवायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ट्रकला सीटा तीन. एक चालवणाऱ्याची, एक मधली आणि एक खिडकीची. खिडकीची माझी.

"काय गं, सीट काय खाते का तुझं?" मी खालूनच विचारलं.

सावाकोने डोकं बाहेर काढलं. कपाळाला काळं ग्रीस. "आई, उद्या गाडी तपासणीला न्यायचीय. मागे माल चढवायची लिफ्ट बसवली ना, तीच साडेतीनशे किलोची आहे. तेवढा माल आता कमी न्यायचा. तीन हजारांचे आता साडेसव्वीसशे."

लिफ्टबद्दल मी काही बोलले नाही. कौलं चढवून चढवून तिच्या कमरेची काय दशा झालीय, ते मला दिसतं. रात्री तिला औषधाचे पट्टे लावणारी मीच.

"मग?"

"कौलं रचलेल्या आपल्या पाच पॅलेटी, म्हणजे लाकडी फळ्या, सत्तावीसशे भरतात. पाचवी बसत नाही. प्रत्येक ऑर्डरला एक खेप जास्त. कागदावर एक सीट कमी केली, तर तिचे पंचावन्न किलो मालाला मिळतात."

"म्हणजे माझ्या जागी कौलं बसणार."

"असं नाही हो आई."

"किती कौलं होतात पंचावन्नात?"

तिने मान खाली घातली. "वीस."

मी शाळा नववीनंतर सोडली. कायद्याची पुस्तकं मी उघडलेली नाहीत. पण हा पंचावन्नचा आकडा मला सावाकोच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

तेव्हा बेटावरून पलीकडे जायला पूल झाला नव्हता. इवाया बंदरावर अकाशीच्या फेरीबोटीसाठी आम्ही रांगेत उभे होतो. ट्रक वेगळा, पण सीटा अशाच तीन. शिन्पेइ तीन वर्षांचा, माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलेला. तेवढ्यात एक पोलीस आला. अगदी कोवळा, टोपी कानावर आलेली. त्याने चाकांखाली वजनकाटे सरकवले, आकडे लिहिले, बोटांवर बेरीज केली आणि म्हणाला, "चाळीस किलो जास्त आहे."

हे खाली उतरले. "साहेब, सोपं आहे. बायकोला इथेच उतरवतो. कायद्यात माणूस पंचावन्नचा धरता ना? म्हणजे मी उलट पंधरा किलो कमीच भरलो."

खरं तर मी तेव्हा बेचाळीस किलोची, आणि हे पंच्याऐंशीचे. कायद्याला आम्ही दोघं सारखेच.

त्या पोलीस पोराने ह्यांच्याकडे असं बघितलं, जसा काही तोच ह्यांचा गुरुजी. म्हणाला, "बाई गाडीत बसल्या काय आणि चालत गेल्या काय, त्यांचे पंचावन्न त्यांचेच. माल वेगळा, माणूस वेगळा. त्यांच्या जागेवर तुम्हाला एक कौल ठेवता येणार नाही."

पंधरा कौलं खाली उतरवावी लागली. ती बंदरावरच्या ऑक्टोपस विकणाऱ्या बाईच्या दुकानामागे रचली. परत येताना मोजली तर तेरा. दोन तिने लोणच्याच्या मडक्यावर दाब म्हणून ठेवली होती. ती काही तिने दिली नाहीत, वर आम्हालाच म्हणाली, वजनाला छान आहेत हो तुमची कौलं.

बोटीवर ह्यांनी उकडलेलं अंडं सोलून अर्धं मला दिलं. "ऐकलंस ना? सरकारने तुझी जागा राखून ठेवलीय. आता तुला उतरवून मला काही फायदा नाही."

"उतरवून तर बघा," मी म्हणाले.

ते इतके हसले, की शिन्पेइ जागा झाला. पुढे कित्येक वर्षं मी गाडीत चढले, की हे म्हणायचे, "या पंचावन्नबाई, बसा." साठ किलोची झाले तरी पंचावन्नबाईच.

"आई," सावाको हळूच म्हणाली, "तुम्ही सहा वर्षांत एकदाही गाडीत बसला नाहीत."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या गाडीत पंचावन्न किलोचं दुसरं काहीच सापडलं नाही तुला? मीच सापडले?"

 तिचे डोळे टपाकडे गेले, आणि चटकन खाली आले.

टपावर ह्यांचा मुकुट आहे, गाडीच्या सजावटीचा. चकचकीत पत्र्याचा, मधे लाटा, दोन बाजूंना दिवे. ह्यांनी हौसेने कोबेहून करून आणला होता. दर रविवारी मी शिडी लावून तो पुसते.

"त्याचं वजन किती?"

"साठ," ती म्हणाली. "मी आधीच बघितलं होतं. पण तो बाबांचा आहे, आई. तुम्ही त्याला इतकं जपता. सीटवर तर तुम्ही बसतही नाही. मला वाटलं, सीट गेली तर तुम्हाला कमी लागेल."

मी पायरीवर पाय दिला. गुडघा कुरकुरला. सावाकोने हात पुढे केला, तो मी घेतला नाही. दांडी धरून वर गेले आणि खिडकीशी बसले. सीटचे दोन बोल्ट ढिले झालेले, खुर्ची डुगडुगत होती. काचेवर अजून ह्यांनी चिकटवलेला देवळाचा ताईत होता, ऊन लागून पांढरा पडलेला. समोर अंगणात आमची कौलं उन्हात वाळत होती. वरून अशी बघून किती दिवस झाले होते.

ती पाना धरून तशीच उभी होती, आता मी रडणार की ओरडणार ते बघत.

"सावाको, गाडी तू त्यांच्याहून चांगली चालवतेस, पण माझ्या मनातलं ओळखायला जाऊ नकोस, तिथे तू नापास आहेस. त्यांना आता कुठे जायचं नाही, मला जायचंय. तो मुकुट उतरव आणि भट्टीच्या दारावर लाव, तिथे पुसायला मला शिडीही लागणार नाही. आणि हे बोल्ट आवळ नीट, उद्या तपासणीला मी येणार आहे, नाहीतर वाटेत मला हलवून मारशील."