पाच हात वात

बायडाबाईच्या घरी साखर मागायला जाऊ नये, असं वस्तीवरच्या बाया म्हणायच्या. द्यायला ती चिकट नव्हती हो. पण वाटीभर साखर द्यायची तर ती आधी काट्यावर वाटी ठेवणार, काटा शून्यावर आणणार, मग चमच्या-चमच्यानं टाकत बरोबर शंभर ग्रॅम करणार, आणि तोवर मागणारीचा चहा चुलीवर आटून जाणार. पाटोद्याच्या बाजारात दुकानदार हातानं दोरी मापायला लागला, की ही कनवटीचा टेप काढायची. शेजारची चतुराबाई तर तोंडावर म्हणायची, "बायडे, तुझ्या भाकरीला बी नंबर टाकत जा."

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. हाताचं माप बायडाबाईनं नऊ वर्षांमागं सोडलं होतं. का सोडलं, ते ती देवापुढंसुद्धा बोलली नव्हती.

तिचा नवरा सुग्रीव तेव्हा विहिरी फोडायची कामं घ्यायचा. बालाघाटचा खडक तो, कुदळीला कशाला ऐकतोय! सुरुंगच लावावे लागायचे. सुग्रीवचा धाकटा भाऊ हरिओम विहिरीत उतरून वात पेटवायचा आणि लोखंडी शिडीनं झपाझप वर यायचा. त्याला वर यायला पुरेल एवढी वात हवी, आणि ती मापायची ती फक्त सुग्रीवच्या हातानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पाच हात. या एका मापावर दोघा भावांनी साठेक विहिरी फोडल्या आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी खडकाला भोकं पाडायच्या कॉम्प्रेसरचा पाइप फाटला होता. सुग्रीव तेलानं माखलेले हात घेऊन विहिरीपासून लांब, कॉम्प्रेसरपाशीच बसलेला. तो काठावरच्या बायडाबाईला ओरडून म्हणाला, "पाच हात वात काप आन दे खाली." कुणाचा हात, ते बोलला नाही. इतक्या वर्षांत ते बोलायची गरज कधी पडली नव्हती. बायडाबाईनं स्वतःच्या हातानं पाच हात मोजले, वात कापली आणि दोरीला बांधून खाली सोडली. हात तो हात, त्यात काय एवढं!

खालून हरिओमनं विचारलं, "वैनी, कुणाच्या हातानं?"

तेव्हा खरं बोलायला काय धाड भरली होती तिला? पण पुन्हा ओढा, पुन्हा मापा, पुन्हा सोडा, याचा तिला कंटाळा आला. ती म्हणाली, "तुमच्या दादाच्याच की."

हरिओम शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर होता तेव्हा सुरुंग उडाला.

सुग्रीव म्हणाला, वात खराब निघाली. त्यानं उरलेलं भेंडोळं जाळून टाकलं, कॉम्प्रेसर मोडीत काढला आणि शेरडं घेतली. वात मीच कापली असं तो पोलिसांपुढं बोलून गेला होता, बायकोला ठाण्यात जावं लागू नये म्हणून. तिनं ती आपल्या हाताच्या मापानं कापली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या हाताएवढं माप तिला नजरेनं पाठ असणार, असंच तो धरून चालला; माप बदलेल असं त्याच्या मनातच आलं नाही.

तेराव्यानंतर बायडाबाई वाळवणाची दोरी मापायला बसली. एक हात झाला, दोन झाले. तिसरा हात ठेवायच्या आधी तिच्या बोटांच्या पुढं दुसराच एक हात दोरीवर येऊन बसला. कोपरापासून बोटांपर्यंत दगडाची पांढरी भुकटी लागलेला. कानाजवळ कुणीतरी शांतपणे विचारलं, "वैनी, कुणाच्या हातानं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं अंगारे-धुपारे केले असते. विहिरीतून विचारलं होतं तसंच साधं विचारणं होतं ते, उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं.

मग तिनं टेप आणला. बीडहून काटा आणला. तरी डाळीत मूठ घातली की आवाज यायचा, "वैनी, कुणाच्या मुठीनं?" दूध ओतताना, मिठाची चिमूट सोडताना, भरदिवसा, माणसांत बसलेली असताना. काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला की तेवढ्यापुरता तो गप्प व्हायचा. म्हणून ती वाचायची. लोकांना वाटायचं, बाईला खूळ लागलंय.

तेही सोसलं असतं तिनं. सोसवत नव्हती ती धाकटी जाऊ मोहिनी.

त्या सकाळी मोहिनीचं आणि हरिओमचं भांडण झालं होतं. नवरा-बायकोचं भांडण ते, काय मोठं असायचंय! पण तो डबा तसाच ठेवून उपाशी गेला. मोहिनीनं मनाशी धरलं, की पोटात भाकरी असती तर तो तीन पायऱ्या जास्त चढला असता. तेव्हापासून दिवस मावळल्याशिवाय ती तोंडात घास घालत नव्हती, आणि मावळल्यावर अर्धी भाकरी. नऊ वर्षं. ती भाकरी बायडाबाईच अख्खी वाढायची आणि उरलेली अर्धी माघारी घ्यायची. रोज वाढताना सांगू सांगू व्हायचं तिला, आणि रोज ती ताट ठेवून चुलीकडं वळायची.

परवा मोहिनी शेळ्यांमागं चक्कर येऊन पडली. बीडला नेलं. डॉक्टरांनी कागदावरचा आकडा बोटानं दाखवला. रक्त सहा पॉइंट एक, बाराच्या पुढं पाहिजे. "हे उपासतापास बंद करा," ते म्हणाले, "नाहीतर पुढच्या खेपेला बाई इथपर्यंत पोचणार नाही." आकडे वाचायची सवय होती बायडाबाईला. हा आकडा मात्र ती घरापर्यंत मनातल्या मनात वाचत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिनं मोहिनीपुढं ताट ठेवलं. दोन भाकरी, पिठलं, कांदा. मोहिनीनं ते मागं सारलं.

"आक्का, मला पाप लागंल. उपाशी धाडलंय म्या त्यास्नी."

"उपाशी होते म्हणून न्हाई गेले ते."

"मग कावून गेले?"

"वात कमी पडली. म्या कापली ती, माझ्या हातानं. त्यांनी इचारलं तवा दादाच्या हातानं म्हणून खोटं सांगितलं."

मोहिनी चक्क हसली. मायेनं हसली, आणि तेच वाईट. "मला जेवू घालायला कायबी बोलता तुमी, आक्का."

इथं थांबता आलं असतं. सांगितलं, तिला पटलं नाही, आपण सांगून मोकळ्या. कोण विचारतंय पुढं? विचारणारा होता. कानाजवळ तोच शांत आवाज आला, "वैनी, कुणाच्या हातानं?"

बायडाबाईनं अंगणातून सुग्रीवला हाक मारली. थोरला दीर आला म्हणून मोहिनीनं पदर पुढं ओढला. बायडाबाईनं टेप काढून नवऱ्याचा हात मापला, मग आपला. दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. त्याचा वीस इंच. तिचा सव्वासोळा.

"पाच हातांत किती फरक पडला, सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशीची वात माझ्या हातानं मापलीती. भिऊन बोलले न्हाई."

सुग्रीव उभ्यानं हिशोब करायला लागला. त्याचे ओठ हलत होते. "पावणेएकोणीस इंच," तो म्हणाला. मग खाली बसला. "मिनिटभर तरी जळली असती तेवढी वात. अगं, तीन पायऱ्यांला किती येळ लागतो? त्यो तर पळत चढायचा." तो रडायला लागला. नऊ वर्षांत तो कुणासमोर रडला नव्हता.

मोहिनीनं टेप हातात घेतला आणि सव्वासोळाच्या खुणेवर बोट ठेवलं.

"म्हंजे उपाशी असले तरी चढले असते?"

"चढले असते," सुग्रीव म्हणाला.

"नऊ वरसं रोज सांजच्याला तुमीच ताट वाढत होता, आक्का."

"हो."

"आन म्या अर्धी भाकरी माघारी देत होते, ती तुमी घेत होता."

 पाया पडावं म्हणून बायडाबाई वाकली, तर मोहिनीनं पाय आत ओढून घेतले. मग ताट पुढं घेतलं आणि ती जेवायला लागली. दिवसाउजेडी जेवायची सवय मोडलेली, घास घशात अडकत होता. सुग्रीवनं उठून पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला. दोन्ही भाकरी तिनं संपवल्या, पिठल्याचं ताट बोटानं पुसून घेतलं आणि हात धुतला.

"जगते मी आता," ती म्हणाली. "पण तुमच्या हातचं हे शेवटचं."

दुपारी तिनं पडवीत तीन दगड मांडून वेगळी चूल केली. अंगात ताकद नव्हती, पण पीठ स्वतः मळलं. पहिली भाकरी दिराला वाढली, दुसरी स्वतः घेतली. सुग्रीव खाली मान घालून तिथं जेवला आणि शेरडं घेऊन डोंगराकडं गेला.

बायडाबाई आतल्या घरात भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. पडवीत मोहिनीनं भांडी घासली, चुलीवर पाणी मारलं. जेवलात का, असं बायडाबाईला कुणी विचारलं नाही. कुणाच्या हातानं, असंही आता कुणी विचारलं नाही.