सतरा सभासद, वीस हात

चार वर्षं आमच्या नगरपरिषदेत निवडणूक झाली नाही. सावद्याच्या पुढचं, केळीच्या बागांनी वेढलेलं आमचं छोटं शहर. नगरसेवक नव्हते, तेव्हा सभेचे सगळे अधिकार प्रशासकाकडे. तेच ठराव मांडायचे, तेच मंजूर करायचे आणि अंमलही तेच करायचे.

त्यातल्या एका ठरावाने बौद्धवाड्यातली विहीर बंद झाली. धोकादायक म्हणून तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला. नळ येणार होते, ते आले नाहीत. बाया बागेतल्या बोअरवर पाण्याला जायच्या.

यंदा निवडणूक झाली आणि त्या वाड्यातून सुलक्षणा तायडे निवडून आली. पहिल्या सभेआधी ती जुनं इतिवृत्त बघायला गेली. विहिरीच्या ठरावाखाली लिहिलं होतं : 'वीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर.'

"तेव्हा तर एकही नगरसेवक नव्हता. मग वीस कोण?" तिने शिपाई भिकनला विचारलं.

भिकन चोपड्याकडचा. त्याने आधी दार लोटलं. मग म्हणाला, "साहेब एकटेच बसायचे, ताई. विषय वाचायचे, हात वर करायचे आणि मोजायचे. पहिल्या वर्षी 'एक' म्हणायचे. नंतर नंतर वीस मोजायला लागले. मी दाराशी उभा राहायचो. माले वाटे, बठ्ठा बठेल शेतस. सगळ्या खुर्च्या भरलेल्या."

सभेच्या दिवशी वीसपैकी तीन सभासद आले नाहीत. सुलक्षणाने विहिरीचा ठराव रद्द करण्याची सूचना मांडली.

"प्रशासकांचा ठराव आपल्याला रद्द करता येतो का?" नगराध्यक्ष हितेंद्र चौधरींनी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं.

"येतो. अधिकार आता सभागृहाचे आहेत."

हात वर झाले. लिपिक कामिनीने मोजले. बाजूने नऊ, विरोधात अकरा. सुलक्षणा खाली बसली, आणि बसता बसता तिच्या लक्षात आलं. हजर सतरा होते.

कामिनीने पुन्हा मोजलं. नऊ आणि अकरा. मोजताना तिचं बोट मागच्या रिकाम्या रांगेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. सभागृहात भर दुपारचं ऊन होतं. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

"अध्यक्षसाहेब," सुलक्षणा उठून म्हणाली. "नाव पुकारून मत घ्या. प्रत्येकाने पुढे येऊन सही करायची."

वीसही नावं पुकारली गेली. गैरहजर तिघांच्या नावापुढे कामिनी प्रत्येक वेळी थोडं थांबली. मागे खुर्ची कुरकुरल्यासारखी वाटली, पण सही करायला कोणी आलं नाही. नऊ विरुद्ध आठ. ठराव रद्द झाला.

चौथ्या दिवशी स्लॅब फोडला. वाड्यातल्या द्रौपदाबाईंनी पहिली बादली ओढली. पाणी गढूळ होतं, पण होतं.

जुने प्रशासक आता धुळ्याला होते. रीत म्हणून सुलक्षणाने त्यांना फोन केला आणि ठराव रद्द झाल्याचं सांगितलं. मतांचं तिने काही सांगितलं नाही.

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मागच्या रांगेतले काही म्हणाले का?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली.

"मलाही कधी काही म्हणाले नाहीत," ते म्हणाले. "फक्त हात वर करायचे."