स्वच्छ पाण्यातलं म्हातारपण

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. पाण्यात बुडवलं की त्यात आम्ल किती ते आकड्याने सांगतो. सात म्हणजे निर्धास्त. आकडा जितका खाली, तितकं पाणी जाळणारं. ज्यात बुडवाल त्याचंच मी सांगणार, एवढंच माझं खरेपण.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका रसायन कारखान्यात मी नवा कोरा आलो, तेव्हा उन्मेषही नवाच केमिस्ट होता. रावपुऱ्यात भाड्याची खोली, नोकरी कंत्राटी. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला गजेंद्र नावाचा कामगार उतरायचा. त्याआधी उन्मेष मला टाकीत बुडवी. आकडा खाली आला की टाकीत चुना घालावा लागे आणि काम अडून राही. एकदा मॅनेजरने त्याला चांगलाच दम भरला. त्या दिवशी उन्मेषने मला टाकीऐवजी नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा सात आला आणि त्याने गजेंद्रला तसंच उतरवलं. गजेंद्रचे पाय पोळले. उन्मेषने स्वतः त्याला मलम लावलं आणि नंतर मला पुसताना रडवेल्या आवाजात पुटपुटला, "नोकरी पक्की होऊ दे. मग एकदाही खोटं बोलणार नाही." मी भोळा, मी विश्वास ठेवला.

नोकरी पक्की झाली. गोत्रीत फ्लॅट झाला, दारात गाडी आली. दर वेळी मला वाटे, आता हा मला टाकीत बुडवील. माझ्या वाट्याला नळच आला. उन्मेषने मलम लावणं मात्र सोडलं.

काल तो मला घरी घेऊन गेला. सोसायटीच्या पाण्याला वास येतो अशी कुरबुर होती. मी साडेसहा दाखवले, म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी उन्मेष सभेत तळमळून बोलला, "आपली मुलं हे पाणी पितात. पाण्याच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही." टाळ्या वाजल्या. त्याची बायको मोहना कौतुकाने बघत होती. सगळ्यात वाईट म्हणजे तो अगदी मनापासून बोलत होता.

आज गजेंद्रने टाकीपाशी विचारलं, "साहेब, उतरुं ने?"

उन्मेषने मला नळाखाली धरलं. मी सात दाखवले. सोसायटीची टाकी धुणाऱ्याशी तो फोनवर बोलत होता. बोलता बोलताच म्हणाला, "उतर."

मित्रांनो, माझ्यासारखे मीटर अशा कामात दोन-तीन वर्षांत झिजतात. माझी काच अजून लख्ख आहे, आणि कारखान्यात सगळे म्हणतात, उन्मेषसाहेबांनी याला किती जपलंय. मला असं जपू नका. एकदा तरी त्या टाकीत बुडवा आणि झिजू द्या. पण माझं कोण ऐकतंय? गजेंद्र शिडी उतरतोय, आणि उन्मेषने मला पुसून खिशात ठेवलंय.