एकोणिसाव्या स्क्रूनंतर

विमानतळाच्या नव्या टर्मिनलमध्ये उद्घोषणा होत नसत. प्रवाशांना शांतता लाभावी म्हणून ध्वनिक्षेपक बंद ठेवले होते. जे सांगायचे ते फक्त फलकांवर. त्यामुळे फलकांच्या तारा सांभाळणारा तंत्रज्ञ आपले काम डोळ्यांत तेल घालून करी. त्याची पद्धत ठरलेली होती. तारा जोडण्याच्या टर्मिनल पट्टीत तार बसवायची, स्क्रू आवळायचा, तार ओढून पाहायची आणि मगच स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे काम पुरे. सहकारी त्याला ठिपकेमास्तर म्हणत. “चहा फक्कड झाला तर मास्तर कपालाही ठिपका देतील!” असे कँटीनमध्ये कुणीतरी हमखास बोले.

त्या सकाळी सात क्रमांकाच्या दाराजवळील फलकाची पट्टी बदलायची होती. बाटलीतला रंग घट्ट होऊ लागला होता. तो वाळून वाया जायला नको, म्हणून तीस वर्षांत प्रथमच त्याने क्रम उलटा केला: चोवीसही स्क्रूंना आधी ठिपके दिले आणि मग आवळायला घेतले. एकोणिसावा आवळून झाला, तोच मोठ्या बहिणीचा फोन आला.

“अरे, जावई रडत होता फोनवर. पोरीचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आजच भेटून घ्या. मला पाठव रे कसंही करून!”

त्याने धावपळ करून दुपारी तीनच्या विमानाचे तिकीट काढले. चार तासांचा प्रवास. त्यानंतरचे विमान थेट दुसऱ्या दिवशी. बहिणीला आणून त्याने सात क्रमांकाच्या दारापाशी बसवले.

“ताई, या पाटीवर नजर ठेव. दार बदललं तर इथेच दिसेल. कुणाला विचारत बसू नकोस, लोक काहीही सांगतात.”

“पाटी तूच लावलीस ना? मग झालं तर.”

जाताना त्याने पट्टीची पेटी उघडली. चोवीस ठिपके ओळीने लाल दिसले. त्याने झाकण लावले.

अडीचच्या सुमारास, तो बसला होता त्या नियंत्रण कक्षातील संगणकाच्या टर्मिनलवर ओळ उमटली: तीनचे विमान, दार सातऐवजी एकतीस, फलकांना कळवले. तो निश्चिंत झाला. तीनला पाच मिनिटे असताना दुसरी ओळ आली: एक प्रवासी आलेला नाही, आसन बावीस. तिकीट त्यानेच छापून घेतले होते. आसन बावीस ताईचे होते.

तो धावत गेला. ताई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, नजर फलकावर खिळलेली. फलक सांगत होता: दार सात, वेळेवर.

“अजून बोलावलं नाही रे,” ती म्हणाली.

तिचा हात धरून तो एकतिसाव्या दारापर्यंत जवळजवळ पळाला. काचेपलीकडे विमान मागे सरकत होते. “काका, दार लागलं की माझ्या हातात काही नसतं हो,” तिथली कर्मचारी म्हणाली.

ताईला तिथेच बसवून तो पेटीकडे परतला. विसाव्या स्क्रूची, फलकाला नवे संदेश पोचवणारी तार बोट लागताच बाहेर आली. ती तशीच सोडून तो ताईजवळ येऊन बसला आणि ठिपक्यांपासून तारेपर्यंत सगळे त्याने क्रमवार सांगितले. तो तिच्याकडे पाहू शकला नाही.

“लहानपणी तू चपलासुद्धा फरशीच्या रेघेला लावून ठेवायचास,” एवढेच ती म्हणाली. त्यात राग होता की नाही, हे त्याला ओळखता आले नाही.

तिचा फोन वाजला. भाचीचा क्षीण आवाज त्यालाही ऐकू आला. “आई, बसलीस का विमानात?”

ताईने एकदा काचेकडे पाहिले. विमान दिसेनासे झाले होते.

“बसले गं बाळा. खिडकीची जागा मिळालीय.”

“लवकर ये.”

“निघालंच बघ. दारं लावतायत. आता फोन बंद करायला सांगतायत. ठेवू?”

पलीकडून काय उत्तर आले, ते त्याला कळले नाही. बोलणे संपवून ताईने फोन त्याच्यापुढे धरला.

“पूर्ण बंद कर. मला नाही जमत.”

“ताई, पुन्हा फोन लावून बोल ना तिच्याशी. खरं सांग. मी सांगतो हवं तर.”

“काय सांगशील? मी वाटेत आहे म्हणून ती डोळे उघडे ठेवून आहे. चार तास मी विमानात आहे. माझा फोन लागला, तर तिला कळेल.”

त्याने बटण दाबून धरले.