दर रविवारी सोळा फेऱ्या

विमान विकत घ्यायला आलेला माणूस दातांचा डॉक्टर होता. आल्या आल्या त्याने विमानाभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, "चारही सीटवर माणसं बसली तर चालतं ना?"

मी म्हटलं, "चालतं की. फक्त पेट्रोल घरी ठेवून यायचं."

माझं तोंड फटकळ आहे, सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त करतोय. चार सीटचं, एका इंजिनाचं विमान म्हणजे दोन माणसं, दोन पिशव्या आणि एक वाद, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय. डॉक्टर हसला. माझा थोरला भाऊ हसला नाही. दादाला त्या दिवशी विमानाची थट्टा नको होती.

विमान दादाच्या मुलीचं. ती लोकांना विमान चालवायला शिकवायची. हे तिने जुनंच घेतलं होतं, आणि घेताना इंजिन तपासायला मीच गेलो होतो. मग ती आजारी पडली. विमानाने तिचं काही वाकडं केलं नाही, रक्ताच्या दुखण्याने केलं. आठ महिन्यांत पोर गेली. वहिनी त्याच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात दादा एकटा उरला. तो अंथरुणातून उठेना. दाढी नाही, अंघोळ नाही, मी नेलेला डबा जसाच्या तसा परत. दीड महिना मी त्याच्यापुढे डोकं आपटलं. शेवटी एका शनिवारी तोंडाला आलं ते बोलून गेलो. "दादा, तिचं विमान नुसतं उभं आहे. आठवड्यातून एकदा पुढचा पंखा हाताने फिरवला नाही तर इंजिन आवळून बसेल. सोळा फेऱ्या लागतात. मला वेळ नाही, तू जा."

सोळा हा आकडाही माझाच. खोट्याला आकडा जोडला की ते खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. धुतलेला शर्ट घालून गेला.

हे खोटं कसं, तेही सांगतो. इंजिन चालू असलं की आतलं तेल उडून सगळीकडे लागतं. बंद पडून राहिलं की तेल खाली उतरतं आणि वरच्या दांड्यावर, कॅमशाफ्टवर, अगदी पातळ थर उरतो. गंजापासून तेवढाच काय तो आडोसा. इंजिन सुरू न करता पंखा नुसता हाताने फिरवला की तो थरही पुसला जातो. विमान बरेच दिवस उभं ठेवायचं असेल तर इंजिनात जपणुकीचं तेल भरायचं, ओल शोषणारे प्लग लावायचे आणि पंख्याला पाटी बांधायची, हात लावू नका. माझं अर्ध्या दिवसाचं काम. परक्यांच्या विमानांना मी ते केलंय. पण पाटी बांधली असती तर दादाला पाठवलं कुठे असतं?

मला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. मग कुणाला तरी विमान उडवायला देऊ. पण तिच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं दादाला चालेना. आणि इकडे तो सुधारत चालला. आधी रविवारची दाढी, मग रोजची. पंखा फिरवून तो थेट माझ्याकडे जेवायला यायचा, काळ्या हातांनी दारातूनच सांगायचा, "सोळा झाल्या. आज जरा जड लागला रे." चुकून इंजिन सुरू होऊ नये म्हणून किल्ली खिशात ठेवायची, हे मी शिकवलेलं; तो मात्र ती गळ्यात घालून जायचा. माझी बायको म्हणाली, "दादा माणसात आले." त्यानंतर खरं बोलायची सोयच राहिली नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत म्हणत मी तीन वर्षं काढली.

मग विमानांचं ते मैदानच विकलं गेलं. महिनाअखेर विमान ठेवायचं हँगर रिकामं करायचं होतं. दादा विकायला तयार झाला, एकाच अटीवर. "इथून ते उडत गेलं पाहिजे. मी कुंपणापाशी उभा राहून बघणार. मग किंमत काय ती तुम्हीच ठरवा." डॉक्टर कबूल झाला, पण तपासणीसाठी स्वतःची मेकॅनिक बाई घेऊन आला. तिशीतली, कमी बोलणारी, हत्यारं फडक्यावर ओळीने मांडणारी. तिची ती ओळ बघूनच मी ओळखलं, ही वरवर बघून जाणारी नव्हे.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. सगळं हँगर थरथरलं. दादाने माझा दंड धरला. "ऐक, ऐक कसं बोलतंय!" तो रडत होता, आणि तीन वर्षांत मी त्याला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. त्या दहा मिनिटांत मलाही वाटलं, निभावलं बहुतेक.

बाईने इंजिन बंद केलं, तेलाची गाळणी काढून कापली, आतला कागद उलगडला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला लोखंडाची काळी कणी चिकटून उभी राहिली, म्हणजे आत काहीतरी झिजत होतं.

"एक सिलिंडर काढून आत बघावं लागेल," ती म्हणाली. "मालकांची परवानगी हवी."

"कशाला?" मी एकदम म्हणालो. "तेलाचा दाब चांगला आलाय. उगीच खोलाखोल कशाला?" चोराच्या मनात चांदणं.

"काढा हो," दादा म्हणाला. "काय बघायचं ते बघा. मी जिवापाड निगा राखलीय."

सिलिंडर काढण्यात दुपार गेली. बाईने आत बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं, मग मला बोलावलं. कॅमशाफ्टचे उंचवटे आरशासारखे हवेत. त्यांना खड्डे पडले होते, वरचा पापुद्रा सुटला होता. मला बघायची गरज नव्हती, तरी मी वाकून बघितलं.

"नुसतं उभं राहून इतकं होत नाही," ती म्हणाली. "काका, पंखा कुणी हाताने फिरवत होतं का?"

"मीच की," दादा म्हणाला. "दर रविवारी. एकही चुकवला नाही. तापात होतो तेव्हासुद्धा आलो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याने. आमचा घरचाच मेकॅनिक आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती पुढे एक शब्दही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिच्यावर चिडून आहे. तिने सांगितलं असतं तर मला सांगावं लागलं नसतं.

मी सांगितलं. तेलाचा थर, फेऱ्या, गंज, सगळं. दादा गिऱ्हाइकासारखा शांतपणे ऐकत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"दादा, तू उठत नव्हतास."

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "तिची एवढी एकच वस्तू होती माझ्याकडे," तो म्हणाला. "ती मी माझ्या हाताने मारली. आणि तू मला जेवायला वाढत होतास."

डॉक्टर भला माणूस. तो चाचरत म्हणाला की नवं इंजिन बसवायचं तर विमानापेक्षा महाग पडेल, पण पंख आणि आतली यंत्रं तो घेईल, ट्रक पाठवेल. दादाने मान हलवली. अट, किंमत, कशाचंच नाव काढलं नाही. ट्रक आला तेव्हा मी एकटाच हजर होतो. पंख सोडवायला चार तास लागले. दोन्ही मीच सोडवले, दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपला नसता.

रविवारी दुपारी आम्ही ताट मांडून बसलो. तीन वाजले तशी बायको म्हणाली, "तुम्हीच जाऊन या." वाटेत मी काय सांगायचं ते जुळवत गेलो. माझ्या वर्कशॉपमध्ये एक जुना पंप आहे, रोज कुणीतरी हलवत राहिला नाही तर तो अडकेल, मला एकट्याला उरकत नाही. दिवसाला किती वेळा, तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

दादाने दार उघडलं, पण अर्धंच.

"जेवायला आला नाहीस," मी म्हटलं.

त्याचा हात कडीवरच होता.

"दादा, एक काम होतं."

"बोल," तो म्हणाला. "या वेळी काय फिरवायचंय?"

त्याने थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग दार लावून घेतलं.