त्रेसष्टचा खिळा

खिशात दोन इंचाचे तीन खिळे.

डाव्या गुडघ्याला पट्टा.

गावातली जुनी थट्टा: "आतला मरेल कसा? आधी बाहेर तर येऊ दे त्याला."

पितळी बिल्ला, बिस्किटाएवढा. त्यावर त्रेसष्ट.

दहादहाच्या ओळी. सातवी ओळ, तिसरा खिळा.

खाणीत उतरताना प्रत्येकाने हजेरीच्या फळीवरून आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि वर आल्यावर परत लावायचा, अशी रीत होती. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. शेवटच्या पाळीला बाबा बिल्ला लावायला विसरले आणि घरी येऊन खुशाल झोपले. चार जण दुपारभर त्यांना बोगद्यात हाका मारत फिरले. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं, ते कायमचंच. बाबांचं नाव पडलं 'आतला'. पन्नास वर्षं ते स्वतःच त्यावर हसायचे. अंथरुणाला खिळल्यापासून हसणं थांबलं. आता रोज ताईला विचारतात, "लावलास का गं?"

म्हणून ताई, वय अठ्ठावन्न, फोटोच्या फ्रेमा करणारी, सकाळपासून दरी चढत होती. मागे धाकटा भाऊ. दोन्हीकडे उभा कातळ, मधे पायाखालून निसटणारी खडी.

"घरी जाऊन सांग, लावला म्हणून. बाबांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"आणि गुडघा?"

"त्याला विचारून निघाले नव्हते."

वाट वाहून गेली होती तिथे ती बसली आणि बसल्याबसल्याच, पाठ डोंगराकडे करून, एकेक वीत वर सरकली.

"हसलास तर पाणी मिळणार नाही."

"मी कुठं हसतोय? हा डोंगरच हसतोय."

वर चार भिंती, छप्पर नाही. गवतात गंजलेलं चाक. हजेरीची खोली सापडली, फळी नव्हती. कुणीतरी जळणाला नेली असणार. भिंतीवर तेवढा चौकोन फिका राहिला होता.

भाऊ खाली बसला. "संपलं ताई. चल."

"फळी गेली. जागा कुठं गेलीये?"

तिने चौकोन वितीने मोजला. वरून सात, डावीकडून तीन. नखाने खूण केली. दगडाने ठोकलेला पहिला खिळा वाकला. दुसरा उडून गवतात गेला. तिसऱ्याआधी तिने दगडांमधली सांध बोटाने चाचपली, भुसभुशीत चुना खरवडून काढला, आतला घट्ट भाग लागेपर्यंत. मग ठोकला. बसला.

बिल्ला अडकवला.

"फोटो काढ. थांब, सरळ आहे का?"

"जरा डावीकडे झुकलाय."

तिने सरळ केला. मागे सरून पाहिलं, पुन्हा पुढे येऊन केसभर सरकवला.

"आता काढ."

त्या शेवटच्या पाळीला नव्वद माणसं उतरली होती आणि नव्वदच्या नव्वद वर आली होती.